आधी श्वास, मग गणित

येत्या मे महिन्यात या गोष्टीला दोन वर्षे होतील. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून थोरल्या भावाचा फोन आला. भाची आठवी पास होऊन नववीत गेली होती, पण गणितात अगदी काठावर. दादा म्हणाला, “पोरीच्या डोक्यात गणित शिरत नाही. नववी झाली की बास करावं म्हणतोय. उगं पैसा कशाला घालवायचा?” मागून वहिनी सांगत होत्या, “वन्सं, सुट्टीत तरी पुण्याला न्या हिला.” दादाच्या बोलण्यात राग नव्हता. त्या साली कांद्याने हात दिला नव्हता, आणि घरातला खर्च कुठे कमी करता येईल हे तो शोधत होता. पण अशा हिशेबात पहिली कात्री मुलीच्या शिक्षणाला लागते, हे आपण सगळेच जाणतो.

भाची आली. पोर चलाख. मंडईत नेली तर भाजीवालीने परत दिलेले सुटे पैसे माझ्याआधी मोजून मोकळी. मग एके सकाळी मी तिला वही-पेन देऊन समोर बसवले आणि गणित घातले. कांद्याच्या २७ गोण्या, प्रत्येक गोणी ४८ किलोची, तर एकूण वजन किती? घरच्या कांद्याचेच गणित. तिने पेन उचलले, दोन आकडे लिहिले, खोडले, परत लिहिले. कपाळावर घाम. मी सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, तर तिने वहीच मिटली. म्हणाली, “आत्या, आकडे बघितले की डोळ्यापुढं अंधारी येते. येत असतं तेवढंपण पळून जातं.”

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात राहिले. ‘येत नाही’ असे ती म्हणत नव्हती. ‘येत असतं ते पळून जातं’ म्हणत होती. या दोन्हींत फरक आहे, आणि आपण घरातली मोठी माणसे तो सहसा करत नाही. पेपरात गुण कमी पडले की पोर ढ, असा निकाल देऊन मोकळे होतो.

मनाची पाटी

आमच्या शेजारच्या बाई पुण्यातल्या एका शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवतात. त्यांच्या कानावर हे घातले. त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गात अशी निम्मी आहेत. पोरगी हुशार आहे, पण तिची पाटी भरलेली आहे.”

पाटी म्हणजे काय ते त्यांनी समजावून दिले. हिशेब करताना प्रत्येक माणूस मनात एक छोटी पाटी धरत असतो. आता हेच गोण्यांचे गणित घ्या. सात आठे छप्पन्न, सहा लिहायचे, हातचे पाच. सात चोक अठ्ठावीस आणि पाच तेहतीस. झाले ३३६. ते बाजूला ठेवायचे. मग विसाने गुणायचे, ते ९६०. मग बेरीज, १२९६. एवढी सगळी ये-जा त्या एका पाटीवर चालते. ही पाटी फार लहान असते, मोठमोठ्या विद्वानांचीही. तिच्यावर एका वेळी चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त मावत नाही. त्यात ‘चुकलं तर सगळे हसतील’, ‘वेळ संपली’, ‘बाबा शाळा सोडवतील’ ही वाक्ये येऊन बसली, की हातच्याला जागाच उरत नाही. हातचा पाटीवरून खाली पडतो आणि आपण म्हणतो, पोरीला गुणाकार येत नाही.

शांत माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. ४८ म्हणजे पन्नासला दोन कमी. मग २७ गोण्यांचे पन्नासप्रमाणे १३५० किलो, त्यातून ५४ वजा केले की १२९६. मार्केट यार्डातला मापाडी असाच हिशेब करतो. त्याला ही जवळची वाट दिसते, कारण त्याला कोणाची भीती नसते. घाबरलेले पोर मात्र पुस्तकात दाखवलेल्या एकाच वाटेने धावत सुटते आणि मध्येच अडखळते.

गणिताची भीती ही निव्वळ सबब नाही. अमेरिकेत १९७२ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली, आणि तेव्हापासून जगभर तिचा अभ्यास चालू आहे. भीती बुद्धीवर घाला घालत नाही, ती पाटीवरची जागा खाते, असे त्या अभ्यासातून पुढे आले आहे. म्हणूनच घरी शेळ्या-कोंबड्यांचा हिशेब बिनचूक ठेवणारे पोर फळ्यासमोर उभे केले की मुके होते.

यावर बाई काय करतात ते पाहायला मी जुलैत त्यांच्या वर्गात गेले. पावसाचे दिवस. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता, रस्त्यावर रिक्षांचे भोंगे. पन्नासेक मुले बाकांवर बसलेली. बाईंनी खडू खाली ठेवला आणि फक्त “बसू या,” एवढेच म्हणाल्या. मुलांनी डोळे मिटले. पाठ सरळ, पण ताणून नाही. लक्ष नाकपुड्यांपाशी. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढेच पाहायचे. तो मुद्दाम लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. जसा आहे तसा. मन खेळाच्या मैदानावर किंवा डब्यातल्या भाजीकडे गेले तर ‘गेलं वाटतं’ एवढे ओळखायचे आणि परत श्वासावर यायचे. स्वतःवर चिडायचे नाही.

मला आमचे अण्णा आठवले. नवा गोऱ्हा औताला धरला की तो दहा वेळा तास सोडून बांधाकडे ओढ घ्यायचा. अण्णांनी कधी चाबूक उगारला नाही. कासरा हलका ओढून पुन्हा तासाला आणायचे. दिवसातून शंभर वेळा आणायचे. त्या वर्गात तेच चालले होते, फक्त गोऱ्हा दिसत नव्हता.

सगळेच छान चालले होते असे नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा अर्ध्या डोळ्याने माझ्याकडे पाहत होता. खिडकीजवळची एक मुलगी चक्क पेंगली. दहा मिनिटांनी बाईंनी फळ्यावर गणित लिहिले, आणि पहिले गणित इतके सोपे होते की सगळ्यांचे हात वर गेले. दुसरे थोडे अवघड. घड्याळ कोणी लावले नाही.

तास संपल्यावर मी विचारले, या दहा मिनिटांनी गुण वाढतात का? बाई हसल्या. “दहा मिनिटांनी पाढे पाठ होत नाहीत हो. पण पूर्वी मी ‘समजलं का’ विचारलं की सगळे ‘हो बाई’ म्हणायचे. आता मुलं म्हणतात, ‘नाही समजलं.’ मला एवढंच पाहिजे होतं.”

हे आले कुठून?

श्वासाकडे पाहण्याच्या या पद्धतीला आनापान म्हणतात. शब्द पाली भाषेतला आहे. आन म्हणजे आत येणारा श्वास आणि अपान म्हणजे बाहेर जाणारा. गौतम बुद्धांच्या शिकवणीतली विपश्यनेची ही पहिली पायरी. ब्रह्मदेशात मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका हे तिथे ही विद्या शिकले आणि १९६९ साली ती घेऊन भारतात आले. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला १९७६ साली त्यांचे मोठे केंद्र सुरू झाले. पुण्यात स्वारगेटजवळ दादावाडीला आणि आळंदीजवळ मरकळ येथेही केंद्रे आहेत. गोयंका गुरुजी २०१३ साली वारले. मुलांसाठी त्यांनी फक्त आनापानाचा भाग ठेवला, कारण तो लहान वयातही झेपतो.

२०१० नंतरच्या काळात महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या मदतीने हा अभ्यास शाळांत नेला. त्याला ‘मित्र उपक्रम’ असे नाव दिले. आधी शिक्षकांनी स्वतः शिकायचे, मग मुलांना रोज थोडा वेळ बसवायचे, अशी त्याची रीत. काही शाळांत तो रुजला, काही शाळांत कागदावरच राहिला. ज्या शाळेत शिक्षक स्वतः डोळे मिटून बसतात तिथे मुले बसतात, आणि ज्या शाळेत शिक्षक तेवढ्या वेळात हजेरीपत्रक भरतात तिथे मुले एकमेकांना चिमटे काढतात. त्यात नवल ते काय?

पश्चिमेकडे हीच गोष्ट वेगळ्या दाराने गेली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जॉन काबात-झिन या गृहस्थांनी १९७९ साली एका इस्पितळात, जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवले. त्याला त्यांनी माइंडफुलनेस म्हटले. आपण सजगता म्हणू, किंवा नुसते अवधान म्हटले तरी चालेल. इस्पितळातून ते पुढे शाळांत शिरले, आणि आता इंग्रजी शाळांच्या जाहिरातींतून तेच नाव आपल्याकडे परत येते आहे.

परत येते आहे असे मी म्हणते, कारण आमच्या जुन्नरच्या डोंगरांत फिरलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत आणि तिकडे कार्ले-भाजे-बेडशाला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू दगडी ओट्यांवर बसून हेच करत होते. आणि त्याच जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या लिखित अंकांत त्यांची गणना होते. म्हणजे एका डोंगरात श्वास पाहणारे बसले होते आणि शेजारच्या घाटात गाईंचा हिशेब दगडावर लिहिला जात होता. दोन्ही गोष्टी आपल्या शिवारातल्याच आहेत.

वारकरी घरांतून एक शंका येते, ती इथेच सांगते. हे दुसऱ्या धर्माचे तर नाही ना? ही रीत बुद्धांच्या शिकवणीतली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बसताना कोणत्याही देवाचे नाव घ्यायचे नसते आणि कोणतेही सोडायचे नसते. श्वास सगळ्यांचा एकच. आमच्या आईने तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारले, “हरिपाठाआधी बसले तर चालंल का?” न चालायला काय झाले?

फायदा होतो का?

आता नेमके सांगायला हवे, कारण या विषयात फुगवून सांगणारे फार.

अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गणिताची जास्त भीती असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेळ लावून सोडवायच्या गणितांआधी थोडा वेळ श्वासावर लक्ष द्यायला लावले. ते जास्त शांत झाले आणि त्यांची गणितेही जास्त बरोबर आली. २०११ साली शिकागोच्या संशोधकांनी आणखी सोपी युक्ती तपासली. परीक्षेआधी दहा मिनिटे, आपल्याला कशाची भीती वाटते ते कागदावर लिहून काढायचे. घाबरणाऱ्या मुलांना त्याचा चांगला उपयोग झाला. पाटीवरचे भीतीचे शब्द कागदावर उतरवले की पाटी मोकळी होते, असा त्याचा अर्थ.

दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली आणि २०२२ साली तिचा निकाल आला. वर्गातल्या सगळ्यांना सरसकट सजगतेचे धडे दिल्याने मुलांच्या मनःस्थितीत नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही विशेष फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. तो अभ्यास गणिताचा नव्हता, मनःस्वास्थ्याचा होता. तरी त्यातून शिकण्यासारखे आहे. सगळ्यांना एकच मात्रा देऊन चालत नाही. ज्याची पाटी भीतीने भरली आहे त्याला श्वासाचा उपयोग होतो. ज्याला मुळात भागाकार शिकवलाच नाही, त्याला दिवसभर डोळे मिटून बसवले तरी भागाकार येणार नाही.

आमच्या भाचीच्या बाबतीत हे दोन्ही निघाले.

पहिले आठ दिवस ती नुसती कंटाळली. “आत्या, पाय दुखतात,” “आत्या, माशी बसली.” मी बाईंच्या सांगण्यावरून दहाऐवजी पाचच मिनिटे केली आणि स्वतः शेजारी बसले. दुसऱ्या आठवड्यात ती वही मिटेनाशी झाली. उत्तरे चुकायची, पण ती लिहायची. आणि चुका लिहिल्या गेल्या म्हणूनच खरे दुखणे कळले. अर्धा अधिक पाव याचे उत्तर तिने लिहिले दोन षष्ठांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. म्हणजे पाचवीपासून अपूर्णांक कच्चा राहिला होता. त्या वर्षी तिच्या शाळेत गणिताच्या गुरुजींची जागा बरेच महिने रिकामी होती, हे मागाहून कळले. भीती होती तोवर वही कोरी राहत होती, आणि कोऱ्या वहीवरून कोणालाच काही कळत नाही.

अपूर्णांक शिकवले ते मी नाही, बाईंनीही नाही. ते आमच्या आईने शिकवले. आई जेमतेम दुसरी शिकलेली. पण तिच्या लहानपणी संध्याकाळी दिवा लावला की पोरांना ओळीने बसवून परवचा म्हणून घेत. शुभंकरोती झाले की पाढे, आणि पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत. औट म्हणजे साडेतीन. आजच्या किती मुलांना हा शब्द माहीत असेल? जूनच्या सुरुवातीला मी भाचीला गावी पोहोचवायला गेले, तेव्हा आईने भाकरी घेतली, अर्धी मोडली, त्या अर्धीची चतकोर केली आणि विचारले, “अर्धी आन् चतकोर मिळून किती?” “पाऊण,” भाची म्हणाली. “मग वहीत काय दोन षष्ठांश लिवलं, भाकर कुटं गेली?” दोघी खूप हसल्या. त्या रात्री सात पाऊणे सव्वापाच म्हणत म्हणत झोपल्या.

परवच्याचे मी उगीच गोडवे गात नाही. त्याला छडीही जोडलेली असायची, आणि मुलींना तिथे बसायला मिळणे हेही प्रत्येक घरात नव्हते. पण ठरलेली वेळ, ठरलेली जागा, दिव्याचा मंद उजेड, घरातली सगळी माणसे गप्प, आणि मग एका सुरात आकडे. मन शांत करणे आणि आकडे बसवणे ही दोन कामे त्या एका बैठकीत होत. आता त्या वेळेला घरात टीव्ही लागतो किंवा प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो.

आकड्यांची उलटी नावे

पाटीवरचे ओझे भीतीनेच वाढते असे नाही. आपल्या भाषेनेही वाढते. ‘त्रेपन्न’ म्हणताना आपण आधी तीन म्हणतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग तीन. लहान मुलाला ऐकलेला तीन पाटीवर धरून ठेवावा लागतो, पन्नासाचा पाच आधी लिहावा लागतो. म्हणून त्रेपन्न सांगितले की पुष्कळ मुले ३५ लिहितात. एकोणऐंशी तर त्याहून वाईट. ऐंशीला एक कमी हे आधी ओळखायचे.

पुण्याच्या गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी ही अडचण नेमकी हेरली होती. सोप्या भाषेत गणित सांगणारी ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके त्यांनी लिहिली. त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा असताना २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर ‘पन्नास तीन’ अशी नावेही दिली गेली. केवढा गदारोळ झाला! भाषा बुडाली म्हणून लेख आले, विधानसभेत थट्टा झाली. कानडी, तेलुगूत दशक आधी येतो आणि तिथली मुले त्यातच शिकतात, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. २०२३ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. माझे मत विचाराल तर घरात त्रेपन्न म्हणा, जरूर म्हणा, पण पोर अडखळले तर ‘पन्नास आणि तीन’ म्हणायला लाजू नका. भाकरी मोडून दिली म्हणून ती भाकरी राहत नाही का?

भाचीला आवडलेला एक खेळ सांगते, कारण श्वास पाहून झाल्यावर ती तोच खेळते. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. ना मोठी पदवी, ना मोठी नोकरी, पण आकड्यांशी खेळण्यात त्यांचा दिवस जाई. त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली, आणि आज जगभर तिला कापरेकरांचे नाव आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. उत्तराचे परत तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केल्यावर ६१७४ येतेच.

१९४७ घेऊन पाहा. ९७४१ वजा १४७९, आले ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, आले ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. दर पायरीला उसने घ्यावे लागते. घाई केली की चुकते. कोणी रागवायला नको. दादाने एकदा आपल्या जमिनीचा चार आकडी गट नंबर टाकून पाहिला. तिसऱ्या वजाबाकीत चुकला आणि मुलीने दुरुस्त करून दिला. त्या दिवसापासून नववीनंतर बास करण्याची गोष्ट त्याने काढलेली नाही.

दादाबद्दल आणखी एक सांगायला हवे. तो पोरीचा अभ्यास घ्यायला बसला की म्हणायचा, “मलाबी गणित कधी आलं नाही.” धीर द्यायलाच म्हणायचा. पण शिकागोच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले आहे की ज्या आईबापांना स्वतःला गणिताची धास्ती असते, ते वारंवार मुलांचा गृहपाठ घेऊ लागले तर ती मुले वर्षभरात कमी शिकतात आणि त्यांची भीतीही वाढते. भीती बोलण्यातून, कपाळावरच्या आठीतून पोरांकडे जाते. दादाला मी एवढेच सांगितले की तू गृहपाठ घेऊ नकोस, तिला कांद्याची पट्टी तपासायला दे. हमाली, तोलाई वजा जाता हातात किती पडायला हवेत ते ती मांडते. त्यात तिला भीती वाटत नाही, कारण तिथे तिची परीक्षा नसते, आडत्याची असते.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलाला पाच मिनिटे पुरतात, मोठ्याला दहा. भरल्या पोटावर लगेच नको, नाहीतर झोप येते. घरातले एक मोठे माणूस शेजारी बसलेच पाहिजे, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. शिक्षा म्हणून कधीही बसवू नये. आणि श्वासाच्या आधी पोराचे डोळे तपासून घ्या. फळ्यावरचे आकडे दिसतच नाहीत म्हणून गणितात मागे पडलेली मुले बाईंनी स्वतः पाहिली आहेत. चष्मा लागला आणि प्रश्न मिटला. मूल रात्र-रात्र झोपत नसेल, जेवण सोडत असेल, शाळेचे नाव काढताच पोटात दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे श्वासावर भागत नाही.

भाची आता दहावीत आहे. नववीला गणितात ती काही पहिली आली नाही. शंभरातले बावन्न मिळाले. पण पेपर कोरा ठेवला नाही, एकही पान नाही. यंदा बीजगणित आणि भूमितीचे दोन पेपर आहेत. भूमिती तिला आवडते, बीजगणितात अजून अक्षरे दिसली की थोडी बिचकते. परवा फोनवर म्हणाली, पेपर हातात पडला की आधी पाच श्वास बघणार, मग सोप्या गणितापासून सुरुवात. भीती लिहून काढायला रफ कागद घरूनच भरून नेणार आणि फाटकाशी फाडून टाकणार.

आणि एक अट घातली आहे तिने. परीक्षेच्या केंद्रावर सोडायला बाबा नकोत, आई नको, आत्याही नको. आजी यावी. कारण आजी वाटेत ‘सगळं झालंय ना गं?’ असे एकदाही विचारत नाही.